मूत्रपिंडाचा निरोप आणि रक्तपेशींचे आयुष्य

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



विज्ञानातील एखादा नवा विषय घरातल्या माणसांना समजेल अशा मराठीत मांडावा, अशी आज्ञा संस्थेने मला केली. मी जो विषय घेतला आहे त्याचे नाव अवघड आहे, पण तो तुमच्या ओळखीचा आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी, नात्यात किंवा शेजारी मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी असलेले आणि डायलिसिसवर असलेले कोणी ना कोणी असेल. अशा रुग्णाला डॉक्टर अधूनमधून एक लहानसे इंजेक्शन देतात. घरची मंडळी त्याला 'रक्ताचे इंजेक्शन' म्हणतात. औषधाच्या चिठ्ठीवर त्याचे नाव एरिथ्रोपॉयटिन किंवा थोडक्यात ईपीओ असे लिहिलेले असते. ते रक्त नाही, शक्तीचे टॉनिकही नाही. शरीराच्या एका अवयवाने दुसऱ्या अवयवाला पाठवायचा तो एक निरोप आहे. हा निरोप काय असतो, तो पोहोचला नाही तर काय होते, आणि माणसाने तो प्रयोगशाळेत कसा तयार केला, हे आज आपण पाहू.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशी आपल्या जागी काम करते, पण कोणतीही पेशी एकटी आपल्या मर्जीने वाढत नाही. कधी वाढायचे, कधी थांबायचे, कोणते रूप घ्यायचे याच्या सूचना तिला बाहेरून मिळतात. या सूचना नेणारे पदार्थ बहुधा प्रथिने असतात. पेशीच्या पृष्ठभागावर त्या त्या प्रथिनाला बसण्याची ठरावीक जागा असते, तिला ग्राही म्हणतात. कुलपात जशी आपलीच किल्ली बसते तसे हे आहे. किल्ली बसली की पेशीच्या आत एकामागून एक बदल होत जातात आणि निरोप शेवटी केंद्रकातील जनुकांपर्यंत पोहोचतो.

रक्तातील तांबड्या पेशी फुप्फुसातून प्राणवायू घेऊन सर्व शरीरभर पोहोचवतात. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसात जाते, तेथे हवेशी त्याचा संबंध येतो आणि मग ते डाव्या बाजूला परत येते, हे तेराव्या शतकात कैरोचे हकीम इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवले होते. त्या थोर पुरुषाचा आपल्याला अभिमान आहेच. पण प्रत्येक तांबडी पेशी सुमारे १२० दिवसच जगते. म्हणून नव्या पेशी सतत तयार व्हाव्या लागतात, आणि त्या हाडांच्या आतील अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तयार होतात. आता प्रश्न असा, की किती पेशी हव्यात हे अस्थिमज्जेला कोण सांगते?

ते सांगते मूत्रपिंड. मूत्रपिंडाचे काम फक्त लघवी तयार करणे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मूत्रपिंडातील काही पेशी रक्तात प्राणवायू किती येतो आहे यावर चोवीस तास नजर ठेवून असतात. प्राणवायू पुरेसा असेल तोवर त्या पेशींतील एक विशिष्ट प्रथिन तयार होताच मोडून टाकले जाते. प्राणवायू कमी पडला की ते मोडणे थांबते, प्रथिन साठते आणि ईपीओच्या जनुकाला जागे करते. या यंत्रणेचा उलगडा करणारे विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रीतीने तयार झालेले ईपीओ रक्तावाटे अस्थिमज्जेत पोहोचते. मोठ्या माणसात बहुतेक सर्व ईपीओ मूत्रपिंडात बनते. आईच्या पोटातील बाळात मात्र हे काम प्रामुख्याने यकृत करते.

अस्थिमज्जेत पोहोचल्यावर हा निरोप नेमके काय सांगतो, ते विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. पुष्कळ दिवस असे वाटत होते की ईपीओ हे पेशीला 'तू तांबडी पेशी हो' असा हुकूम देत असावे. १९९० साली अमेरिकेतील कूरी आणि बाँड्युरंट या संशोधकांनी दाखवले, की तांबडी पेशी होण्याच्या वाटेवर निघालेल्या कोवळ्या पेशींना ईपीओ मिळाले नाही तर त्या स्वतःच मरण पावतात. मरण हाच त्यांचा ठरलेला मार्ग असतो. ईपीओ त्या मरणाला थोपवते. १९९५ साली ईपीओचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांच्या गर्भात तांबड्या पेशींच्या आरंभीच्या पेशी तयार झाल्या होत्या, पण त्या पुढे पक्व होऊ शकल्या नाहीत, आणि ते गर्भ तेराव्या दिवसाच्या सुमारास दगावले. म्हणजे वाट पेशीने धरलेली असते, तिच्यात गुणही असतो. त्या नाजूक काळात 'जग, पुढे जा' असे सांगणारा निरोप मात्र वेळेवर यावा लागतो. निरोप जेवढा जास्त तेवढ्या जास्त पेशी वाचतात आणि रक्त वाढते. डोंगरावर राहायला गेलेल्या माणसाचे रक्त काही आठवड्यांत वाढते ते याच कारणाने.

मूत्रपिंडे निकामी झाली की हा निरोप पाठवणाराच राहत नाही. डायलिसिसच्या यंत्राने रक्तातील घाण काढता येते, पण यंत्र ईपीओ बनवू शकत नाही. म्हणून पूर्वी डायलिसिसवरील रुग्ण फिकट पडत, दोन पावले चालले तरी त्यांना धाप लागे. त्यांना पुन्हा पुन्हा दुसऱ्याचे रक्त द्यावे लागे. त्यातून कावीळीसारखे रोग येत, शरीरात लोह साठे, आणि पुढे मूत्रपिंडाचे रोपण करायचे झाले तर शरीर ते नाकारण्याची भीती वाढे. निरोपच बाहेरून देता आला तर? हा विचार सोपा होता, पण तो प्रत्यक्षात यायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

१९०६ साली पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि त्यांच्या सहकारी संशोधिका देफ्लांद्र यांनी रक्त काढलेल्या सशाचा रक्तरस दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याच्या तांबड्या पेशी वाढल्याचे सांगितले. इतरांना हा प्रयोग तसाच साधेना, म्हणून त्यावर फारसा विश्वास बसला नाही. १९५३ साली ॲलन अर्सलेव यांनी अशा रक्तरसाची मात्रा बरीच वाढवून प्रयोग केला, आणि शंका मिटली. १९५७ साली शिकागो विद्यापीठातील लिऑन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ मूत्रपिंडात तयार होतो असे दाखवले. त्यांच्यापैकी यूजिन गोल्डवासर यांनी १९५५ पासून तो पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळवण्याचा ध्यास घेतला होता. मेंढ्यांच्या रक्तापासून त्यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले, पण शरीरात हा पदार्थ इतका अत्यल्प असतो की हाती काही पुरेसे येईना.

मदत आली ती जपानमधून. ज्या रुग्णांची अस्थिमज्जा निकामी झालेली असते त्यांचे मूत्रपिंड निरोपावर निरोप पाठवत राहते. तो ऐकणारे कोणी नसते, म्हणून त्यांच्या लघवीतून बरेच ईपीओ बाहेर पडते. कुमामोटो येथील डॉ. ताकाजी मियाके यांनी अशा रुग्णांची २५५० लिटर लघवी जमवली, ती आटवली, आणि १९७५ साली तो कोरडा अर्क रेशमी रुमालात बांधून शिकागोला गोल्डवासर यांच्या हाती दिला. त्यातून १९७७ साली काही मिलिग्रॅम शुद्ध ईपीओ मिळाले. बावीस वर्षांच्या कष्टाचे ते फळ चिमूटभरही नव्हते. पण त्या चिमटीमुळेच पुढचा दरवाजा उघडला.

तो दरवाजा म्हणजे पुनःसंयोजित डीएनएचे तंत्र. प्रथिन कसे बनवायचे याची कृती जनुकात लिहिलेली असते. ते जनुक मानवी डीएनएमधून वेगळे काढून दुसऱ्या पेशीच्या डीएनएमध्ये जोडले, तर ती पेशी ते मानवी प्रथिन बनवू लागते. या तंत्राने १९७८ साली जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात आले आणि १९८२ साली ते औषध म्हणून बाजारात आले. इन्सुलिनही एक निरोपच आहे. त्यापूर्वी मधुमेहाच्या रुग्णांना डुकराच्या किंवा गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन घ्यावे लागे. निकडीच्या वेळी औषध म्हणून आपल्या समाजातील लोक ते घेत, तरी डुकराचे नाव ऐकून मनाला रुखरुख लागे. विज्ञानाच्या एका पावलाने ती रुखरुख दूर केली.

ईपीओचे काम इन्सुलिनपेक्षा अवघड होते, कारण त्याचे जनुक कोणते हेच ठाऊक नव्हते. गोल्डवासर यांच्या शुद्ध ईपीओवरून त्या प्रथिनातील काही दुवे वाचता आले. त्या तुटपुंज्या माहितीच्या आधारे कॅलिफोर्नियातील ॲम्जेन या तेव्हाच्या लहान कंपनीत काम करणारे, मूळचे तैवानचे शास्त्रज्ञ फू-कुएन लिन यांनी संपूर्ण मानवी डीएनएत शोध घेऊन १९८३ साली ते जनुक हुडकून काढले. ईपीओ हे १६५ अमिनो आम्लांची साखळी आहे आणि तिला शर्करेच्या चार शाखा जोडलेल्या असतात. या शाखांशिवाय ते रक्तात टिकत नाही. जीवाणूंना अशा शाखा जोडता येत नाहीत. म्हणून ते जनुक चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घालण्यात आले. या पेशींचे वाण १९५७ पासून प्रयोगशाळेत वाढवले जात आहे. औषधासाठी प्राणी मारावा लागत नाही. पेशी मोठ्या पात्रांतील द्रवात वाढतात, त्या द्रवात ईपीओ सोडतात, आणि ते गाळून शुद्ध केले जाते. ज्यांच्या मनात हलाल-हरामचा प्रश्न येईल त्यांनी तो आलिमांना जरूर विचारावा, पण औषध कसे बनते याची खरी माहिती घेऊन विचारावा, आणि ऐकीव गोष्टींवरून रुग्णाचे इंजेक्शन परस्पर बंद करू नये.

१९८७ च्या जानेवारीत सिॲटल येथील डॉ. एशबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायलिसिसवरील २५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. योग्य मात्रा मिळालेल्या रुग्णांचे रक्त वाढले आणि त्यांना बाहेरचे रक्त देण्याची गरज उरली नाही. १९८९ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. आज ते आपल्या देशातही तयार होते. मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयासाठी शरीराला स्वतःचे ईपीओ बनवायला लावणारी डेसिडुस्टॅट नावाची गोळीही २०२२ साली भारतात मान्य झाली.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. जो निरोप योग्य प्रमाणात जीवन देतो तोच प्रमाणाबाहेर गेला तर जीव घेतो. रक्तात तांबड्या पेशी फार झाल्या की रक्त दाट होते, हृदयावर ताण येतो, मेंदूत किंवा हृदयात गाठ अडकू शकते. सायकलपटू आणि लांब पल्ल्याचे धावपटू हे औषध चोरून घेऊ लागले. १९९० साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यावर बंदी घातली. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूची 'टूर द फ्रान्स'ची सात विजेतेपदे २०१२ साली काढून घेण्यात आली आणि पुढच्याच वर्षी त्याने ईपीओ घेतल्याची कबुली दिली.

डॉक्टरांनाही हा धडा शिकावा लागला. रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतके वाढवले तर तो अधिक बरा राहील, असे सरळ बुद्धीला वाटते. २००६ साली अमेरिकेत १४३२ मूत्रपिंडरुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे हिमोग्लोबिन १३.५ पर्यंत नेण्याचे ठरवले होते त्यांना, ११.३ चे उद्दिष्ट ठेवलेल्या रुग्णांपेक्षा हृदयविकार आणि मृत्यू यांचा धोका अधिक आढळला. काही कर्करोगांत हे औषध अपायकारक ठरू शकते असेही दिसून आले, आणि २००७ साली औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापणे भाग पडले. म्हणून तुमच्या घरातील रुग्णाचे डॉक्टर हिमोग्लोबिन ११ च्या आसपास आले की मात्रा कमी करत असतील, तर ते चालढकल करतात असे समजू नका. 'शेजारच्याचे १३ आहे, मग आमच्याचे का नाही' असा हट्टही धरू नका.

कधी निरोप ठीक असतो पण तो ऐकणाऱ्यात दोष असतो. फिनलंडचा ईरो मॅन्टिरांटा हा बर्फावरील स्की शर्यतींत ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके मिळवणारा खेळाडू. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी फारच अधिक होत्या. १९९३ साली त्याच्या कुटुंबाची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या ईपीओ-ग्राहीचे टोक जन्मजातच तुटके असल्याचे कळले. 'आता पुरे' ही सूचना त्या टोकावर येत असते, म्हणून थोडासा निरोपही त्यांच्या पेशींना फार मोठा वाटे. २००५ साली आणखी एक शोध लागला. पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या जॅक-२ या प्रथिनात एक बारीक बदल झाला, तर निरोप आलेला नसतानाही पेशी वाढत राहतात आणि रक्त दाट होण्याचा एक प्रकारचा कर्करोग होतो. अवयवांच्या वाढीतला आणि रोगातला फरक कधी कधी एका अक्षराइतकाच असतो.

माता-भगिनींनो, आता जे सांगतो आहे ते तुमच्यासाठी आणि घरातील पुरुषांसाठीही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. यांच्यापैकी बहुतेकींची मूत्रपिंडे चांगली असतात. त्यांचे मूत्रपिंड आपला निरोप जोराने पाठवतच असते. पण पेशी जगल्या तरी त्यांच्यात भरायला लोह नसेल तर हिमोग्लोबिन कशाचे बनणार? कंत्राटदाराने कितीही निरोप धाडले तरी विटा आल्या नाहीत तर भिंत उभी राहत नाही. अशा मुलीला महागडे इंजेक्शन नको असते. तिला लोहाच्या गोळ्या, जंतांचे औषध आणि ताटात वाटा हवा असतो. सर्वांना वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरेल ते खाणारी आपल्या घरात कोण आहे, याचा विचार करा. कलेजी, मटण, मासे, पालेभाजी, कडधान्ये, अळीव यांपैकी परवडेल ते तिला मिळाले पाहिजे. भाजीवर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. मुलगी सारखी दमते, अभ्यासात लक्ष लागत नाही, असे दिसले की तिला आळशी म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासा. बारा ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि ज्यांच्या घरी मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी वर्षातून एकदा लघवीतील प्रथिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. मूत्रपिंडे निकामी होण्याची ही दोन मोठी कारणे आहेत, आणि बराच काळ ती काही दुखत-खुपत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, इब्न अल-नफीस यांचे नाव घेऊन आपण टाळ्या वाजवतो. पण त्यांच्या मागून सातशे वर्षांनी एका जपानी डॉक्टरने रुग्णांची लघवी जमवून आटवण्याचे काम केले, एका अमेरिकन रसायनतज्ज्ञाने बावीस वर्षे एकाच पदार्थाचा पाठलाग केला, आणि तैवानहून आलेल्या एका शास्त्रज्ञाने जनुक शोधले. ज्ञानाचा वारसा असाच चालतो. तो पूर्वजांच्या नावाने मिळत नाही, प्रयोगशाळेत उभे राहून मिळवावा लागतो. दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवणारी मुले आणि विशेषतः मुली आपल्या संस्थेत दरवर्षी असतात. त्यांच्यापैकी कितीजणी बी.एस्सी., एम.एस्सी.पर्यंत पोहोचतात, हे प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावे.

अस्थिमज्जेतील ती कोवळी पेशी आठवा. तिची वाट ठरलेली असते, तिच्यात कुवत असते, आणि निरोप आला नाही म्हणून ती मध्येच संपते. आपल्या मुलांचे तसे होऊ नये. फीचे पैसे कमी पडले तर संस्था आहे, शिष्यवृत्ती आहे. पण बारावीनंतर 'आता पुरे' म्हणण्याऐवजी 'पुढे जा' असे म्हणणे, हे काम अब्बा-अम्मींचे आहे. ते संस्थेला करता येत नाही.